कुकरमध्ये शिजवलेल्या जवाची बिअर होत नाही

सध्या मराठवाड्यात मोबाइलवर एक कृती फिरते आहे. तिच्यात म्हटले आहे की, जव कुकरमध्ये चांगले शिजवावे, त्याचे पाणी गाळून त्यात बेकरीचे यीस्ट घालावे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत चार दिवस ठेवावे. बिअर तयार होते, उन्हाळ्यात तर लवकर होते, खर्च फारसा येत नाही आणि स्वतःपुरती करायला कायद्याची हरकत नाही.

यातले खर्चाबद्दलचे विधान तेवढे मान्य आहे. घरची शेगडी, स्टीलचे मोठे पातेले, मलमलचे फडके आणि थर्मामीटर एवढ्यावर अनेक देशांत लोक पहिली बिअर करतात.

मूळ चूक धान्याची आहे. यीस्ट साखर खाते, पिष्ट खात नाही आणि साध्या जवात बहुतांश पिष्टच असते. म्हणून जव भिजवून, मटकीला आणतो तसे त्याला मोड आणून वाळवतात; हेच माल्ट. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरे वाढतात आणि भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती आपले काम पुरे करतात. उकळत्या पाण्यात ती नष्ट होतात, तिथे कुकरमध्ये ती टिकणे शक्यच नाही. कुकरमधले पाणी गार करून त्याचा थेंब पांढऱ्या बशीत घ्यावा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा: रंग तत्काळ निळा-काळा होतो, म्हणजे पिष्ट जसेच्या तसे आहे. माल्टचे काम नीट झाले असेल तर आयोडीनचा तपकिरी रंग बदलत नाही. कडवटपणा देणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुले तर या कृतीत नाहीतच.

‘उन्हाळ्यात लवकर होते’ हेही अर्धसत्य आहे. एल नावाच्या बिअरसाठी वापरतात त्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. बीड-परभणीच्या मे महिन्यात घरातही पारा तिशीपुढे असतो, आणि अशा उष्णतेत आंबणे झपाट्याने उरकले तरी चव थिनरसारखी उग्र होते.

घट्ट बाटलीचा सल्ला मात्र मला सर्वांत घातक वाटतो. आंबत नाही म्हणून कोणीतरी साखर घालणारच, आणि एक ग्रॅम साखरेतून सुमारे पाव लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर ग्रॅमचा हिशेब केला की काचेची बाटली का फुटते ते कळते.

राहिला कायदा. ब्रिटनने १९६३ मध्ये घरच्या बिअरला परवान्यातून सूट दिली, अमेरिकेत १९७८ मध्ये तसा संघीय कायदा झाला. पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणे, इतकेच नव्हे तर त्यासाठी भांडी व साहित्य बाळगणेही गुन्हा ठरते. पिण्याचा परवाना जवळ असला तरी त्याने दारू करण्याची मुभा मिळत नाही.

ज्याला ही प्रक्रिया समजून घ्यायची उत्सुकता आहे, त्याने यीस्टला हात न लावता जवाचे माल्ट करून ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावे, गाळावे आणि त्याच दिवशी पिऊन पाहावे. साखरेचा कणही न घालता ते पाणी गोड लागते.