चिनूकने पुन्हा फसवलं

मागच्या गुरुवारी दुपारी पारा ९ अंशांवर होता. छपरावरून पागोळ्या गळत होत्या, अंगणातलं पिवळं गवत डोकं वर काढत होतं आणि मी गॅरेजचं दार उघडं टाकून रायफलची दुर्बीण पुसत बसलो होतो. शनिवारी सकाळी उणे २९. त्याच पागोळ्या दगडासारख्या गोठून पन्हाळीला लटकलेल्या. दार इतक्या जोराने आपटलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

मी मोंटानात, ग्रेट फॉल्सजवळ राहतो. रॉकी पर्वत उतरून येणाऱ्या कोरड्या उबदार वाऱ्याला इथे चिनूक म्हणतात. ११ जानेवारी १९८० रोजी या वाऱ्याने ग्रेट फॉल्सचं तापमान सात मिनिटांत उणे ३६वरून उणे ९वर नेलं होतं. लोक कौतुकाने सांगतात ते. परतीचा हिशोब कुणी सांगत नाही. इथून उत्तरेला ब्राउनिंग नावाचं गाव आहे, तिथे १९१६च्या जानेवारीत २४ तासांत पारा अधिक ७वरून उणे ४९वर कोसळला. हा वारा दोन दिवस दारात उभा राहतो, आशा लावतो आणि सगळं हिसकावून निघून जातो. नुसती थंडी मी सहन करीन. हे देऊन काढून घेणं मला सहन होत नाही.

माझं सगळं मन अडकलंय ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या लसूणघासाच्या शेतात. त्याच्याकडे गोफर आहेत. नाव गोफर, पण खरं म्हणजे ही जमिनीत राहणारी खार, रिचर्डसन खार. बिळांच्या तोंडाशी मातीचे ढीग घालते, कापणी यंत्राची पाती त्यात जाऊन तुटतात, कोवळा घास मुळापर्यंत खाऊन ठेवते. तिच्यामागे बॅजर, म्हणजे बिळं खणून शिकार करणारा प्राणी, येतो आणि बिळं उकरून बादलीएवढे खड्डे करून जातो. ग्रीन कार्ड आल्यावर मी पहिली रायफल घेतली ती या शेतासाठी. माझं लहानपण यवतमाळकडचं. हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून बाबा रात्र रात्र जागलीला जायचे, मी शेकोटीजवळ गोधडीत. दुसऱ्याचं पीक राखणं मला खेळ वाटत नाही, ते तिथूनच आलंय.

आणि या राखणीचं गणित फार कडक आहे. नर मार्चच्या सुरुवातीला बाहेर पडतात, कधी फेब्रुवारीच्या अखेरीसच. माद्या त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी. मादी बाहेर आली की चारपाच दिवसांत गाभण राहते आणि साधारण २३ दिवसांनी विते. एका वेळी सहासात पिल्लं. म्हणजे जे काही करायचं ते या तीनचार आठवड्यांत. तेव्हा एक मादी टिपली तर मे महिन्यात शेतात सात तोंडं कमी. मे उजाडल्यावर गेलात तर नुसती धावपळ, हाती काही नाही. मोठे नर तर जून-जुलैमध्येच परत बिळात शिरून झोपतात, थेट पुढच्या वर्षापर्यंत. मोंटानाच्या कायद्यात या प्राण्याला ना बंद हंगाम आहे ना संख्येची मर्यादा. अडवतो तो फक्त हा हिवाळा. आणि अडवतो ते नेमक्या त्याच आठवड्यांत!

गेल्या वर्षी काय झालं? पूर्ण मार्च बर्फाखाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेतापर्यंत पोचलो तर गाडीच चिखलात रुतली. तिसऱ्या आठवड्यात वारा. माझी रायफल .१७ एचएमआर, म्हणजे अगदी बारीक गोळीची. तिची गोळी जेमतेम एक ग्रॅमची. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असला तरी शंभर यार्डांवर ती चारएक इंच सरकते, आणि गोफर उभा राहिला तरी त्याची रुंदी तेवढी नसते. त्या दिवशी वारा त्याच्या तिप्पट होता. जखमी करून बिळात मरायला सोडायचं नाही, हा माझा नियम आहे. एकही बार न काढता परत आलो. म्हाताऱ्याने काही म्हटलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्याने झिंक फॉस्फाइड लावलेले ओट टाकले. आपल्याकडे उंदरांना घालतात तेच विष. तेच दाणे तितर टिपतात, चंडोल टिपतात. बांधावर दोन तितर पडलेले मी स्वतः पाहिले. मी शिसं नसलेल्या महागड्या गोळ्या वापरतो, का, तर मेलेला गोफर खाणाऱ्या गरुडाच्या पोटात शिसं जाऊ नये. एवढी काळजी घ्यायची आणि एका लांबलेल्या हिवाळ्याने सगळी मातीत घालायची. म्हाताऱ्याला दोष कसा देऊ? घास त्याचा, गुरं त्याची, कर्ज त्याचं.

लोक म्हणतात, हिवाळ्यात काहीतरी करत राहा. केलं. ऑक्टोबरपासून रायफलची नळी चार वेळा साफ केली, दर वेळी फडकं पांढरंशुभ्र निघालं. कोयोटच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, मागे जा म्हणतात. गेलो एकदा, उणे २२ला. बोल्टमधलं तेल घट्ट झालं, श्वासाने दुर्बिणीच्या काचेवर बर्फ धरलं आणि घरात आणल्याबरोबर सगळ्या धातूला घाम फुटून पाणी सुटलं. त्यानंतर आठ दिवस गंजाच्या धास्तीत.

नागपूरहून धाकटी बहीण व्हिडिओ कॉलवर म्हणते, "दादा, किती सुंदर बर्फ आहे रे!" सुंदर? डिसेंबरात इथला दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. अंधारात कामावर जायचं, अंधारात परत यायचं, आणि मध्ये फावडं. तिचा राग नाही, तिला काय माहीत. पण हा शब्द आता माझ्यासमोर कुणी काढू नये. आणि २ फेब्रुवारीला टीव्हीवर तो पेन्सिल्व्हेनियातला ग्राउंडहॉगसुद्धा दाखवू नये, हिवाळा किती उरला ते सांगतो म्हणतात तो बिळातला जाडा प्राणी. १८८७पासून चाललंय. दोन हजार मैलांवरच्या एका पाळीव प्राण्याला उचलून विचारायचं, हिवाळा अजून सहा आठवडे आहे का? इथे सहा आठवडे म्हणजे तर कृपा झाली! २०१९च्या फेब्रुवारीत ग्रेट फॉल्सचं पूर्ण महिन्याचं सरासरी तापमान उणे १८च्या आसपास होतं. दिवसरात्र मिळून सरासरी! नेहमीपेक्षा पंधरा अंशांनी खाली.

मला फार काही नको आहे. मार्चमधल्या वारा पडलेल्या चार सकाळी. ओल्या मातीचा वास, कुंपणाच्या तारेवर मेडोलार्क गातोय, आणि ढिगावर पहिला नर मागच्या पायांवर उभा राहून शीळ घालतोय. शेवटी रिकामी काडतुसं वेचायची आणि म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याची ती कडू कॉफी प्यायची. वर्षभर मी याच्यावर जगतो.

आज २० फेब्रुवारी. सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "दुकानात विषाची पोती आलीत, संपायच्या आत घेऊन ठेवतो. तू १५ मार्चपर्यंत येऊ शकलास तर नाही टाकणार." मी येतो म्हणालो. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडतंय आणि पुढच्या दहा दिवसांच्या अंदाजात एकही दिवस शून्याच्या वर नाही.