चिप नसलेले अॅडॉप्टर कन्व्हर्टर म्हणून विकणे बंद करा

गेल्या महिन्यात एका वकीलसाहेबांचे प्रतिज्ञापत्र टंकलिखित करत असताना पडद्यावर ‘कागद’च्या जागी ‘खआघध’ उमटले आणि माझा संयम संपला. इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत शिफ्ट दाबली की क चा ख, कान्याचा आ, ग चा घ आणि द चा ध होतो, हे मला ठाऊक आहे. परंतु माझे बोट त्या वेळी शिफ्टवर नव्हतेच. ते केव्हाच उचललेले होते, आणि ही साधी गोष्ट माझा जुना कीबोर्ड नव्या संगणकाला जोडणाऱ्या मधल्या अॅडॉप्टरने संगणकापर्यंत पोहोचवलीच नव्हती.

माझा कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड आहे, गोल पिनेचा, प्रत्येक अक्षराला खणखणीत ‘टक्’ करणारा. जिल्हा न्यायालयातील कामाची हजारो पाने मी त्याच्यावर काढली आहेत आणि आजही त्याची एकही कळ दगा देत नाही. नव्या संगणकाला मात्र गोल खाच नाही, फक्त यूएसबी आहे. म्हणून भर उन्हात नागपूरच्या बर्डीच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानदाराने ऐंशी रुपयांना बोटाच्या पेराएवढे जांभळे टोपण दिले आणि ‘लावा अन् चालवा’ असे ठामपणे सांगितले. घरी येऊन लावले, तर कीबोर्डवरचा एकही दिवा लागला नाही.

त्या टोपणात चिप नसतेच. चार तारा इकडून तिकडे जोडलेल्या असतात, बस्स. ज्या कीबोर्डला पीएस/२ (म्हणजे ही गोल पिनेची जुनी पद्धत) आणि यूएसबी या दोन्ही भाषा मुळातच येतात, त्याच्यापुरते ते उपयोगाचे आहे. माझ्यासारख्या जुन्या कीबोर्डसाठी ते निव्वळ प्लास्टिक आहे. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या या गोल पिनेच्या पद्धतीत कीबोर्ड स्वतः क्लॉक, म्हणजे संकेतांचा ताल, चालवतो आणि कळ दाबली की आपणहून संकेत पाठवतो. यूएसबीमध्ये संगणक ठराविक वेळाने विचारतो आणि मगच कीबोर्ड उत्तर देतो. बोलण्याची रीतच वेगळी असताना मध्ये दुभाष्या, म्हणजे चिप असलेला कन्व्हर्टर हवा, नुसती तार जोडून भागत नाही, हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने ते विकू नये, आणि माहीत असूनही तो विकत असेल तर ही सरळसरळ फसवणूक आहे.

दुसऱ्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचा, चिप असलेला कन्व्हर्टर घेतला. तो चालला, आणि चालला म्हणूनच त्याने जास्त नुकसान केले. डावी शिफ्ट दाबली की कीबोर्ड १२ हा संकेत पाठवतो आणि सोडली की आधी एफ० व मग पुन्हा १२. वेगाने टंकलेखन करताना हा सुटल्याचा संकेत मध्येच गहाळ झाला, तर संगणकाच्या दृष्टीने शिफ्ट दाबलेलीच राहते. एका पानात तीनदा असे झाले. न्यायालयात दाखल होणाऱ्या कागदावर ‘पती’चे ‘फथई’ झालेले नजरेतून सुटले असते, तर बोलणी मी खाल्ली असती, अॅडॉप्टर बनवणाऱ्याने नव्हे! दोन पानांच्या मजकुरासाठी रात्री साडेअकरापर्यंत ओळ न् ओळ पुन्हा तपासत बसावे लागले.

परत करायला गेले, तर पावतीवरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवला गेला आणि वर सल्ला मिळाला, ‘नवीनच घेऊन टाका ना मॅडम, चारशेत येते.’ चारशेच्या त्या रबरी कीबोर्डवर दिवसाला चाळीस पाने काढून दाखवावीत आणि मग मला सल्ला द्यावा. चांगली चालणारी वस्तू केवळ मधला तुकडा निकृष्ट आहे म्हणून भंगारात टाका, असे सांगताना यांना काहीच कसे वाटत नाही?

शेवटी आमच्याच इमारतीतल्या अभियांत्रिकीच्या एका मुलाने प्रो मायक्रो नावाच्या छोट्या बोर्डवर पाच व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा अशा चार तारा डाखल्या, टीएमके हा मोफत मिळणारा प्रोग्राम त्यात भरला आणि एका संध्याकाळीत काम संपवले. तेव्हापासून एकदाही शिफ्ट अडकलेली नाही. विद्यार्थ्याला जे एका संध्याकाळीत जमते, ते हा माल बनवणाऱ्यांना जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. निदान पाकिटावर ‘आत चिप नाही, जुन्या कीबोर्डला चालणार नाही’ एवढी एक ओळ छापा. ती ओळ असती तर माझे पहिले ऐंशी रुपये आणि बर्डीची एक फेरी तरी वाचली असती.