लहान डोक्याची बाळे अळीनाशकामुळे जन्मली? दावा एकेक मुद्दा घेऊन तपासू

"झिका विषाणू निरुपद्रवी आहे. ब्राझीलमध्ये 2015 साली लहान डोक्याची बाळे जन्मली ती पिण्याच्या पाण्यात टाकलेल्या पायरीप्रॉक्सिफेन या अळीनाशकामुळे." फेब्रुवारी 2016 मध्ये अर्जेंटिनातील डॉक्टरांच्या एका गटाच्या अहवालावरून हा दावा जगभर गेला आणि आजही फिरतो. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याने तर तेव्हा पिण्याच्या पाण्यातला त्याचा वापर थांबवलाही. झिका एडिस डासांमार्फत पसरतो, आणि त्यांची पैदास रोखायला हे औषध पाण्यात टाकले जात होते. औषध नवे, आजार नवा, दोन्ही एकाच देशात. शंका येणे स्वाभाविक होते. पण औषध आणि आजार खरेच एकाच ठिकाणी होते का?

नव्हते. पेर्नांबुको राज्याची राजधानी रेसिफे हे साथीचे केंद्र. तिथे पायरीप्रॉक्सिफेन वापरातच नव्हते. अळ्यांसाठी बीटीआय हा जिवाणू वापरला जात होता. याच राज्यात औषध वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या नगरपालिकांची तुलना झाली, तेव्हाही मायक्रोसेफलीशी, म्हणजे बाळाचे डोके लहान असण्याशी, औषधाचा संबंध दिसला नाही. पुढे रेसिफे महानगर परिसरात मायक्रोसेफली असलेली 91 बाळे आणि तुलनेसाठी 173 बाळे तपासली गेली. पहिल्या गटात 32 बाळांमध्ये प्रयोगशाळेत झिका सिद्ध झाला, दुसऱ्या गटात एकाही नाही. अळीनाशक आणि गरोदरपणातल्या लसी यांचा संबंध याही अभ्यासात आढळला नाही. "मग उरलेल्या बाळांचे काय?" असे विचारले जाते. आईला संसर्ग जन्माच्या कित्येक महिने आधी झालेला असतो. रक्तातला विषाणू साधारण आठवडाभरात पीसीआरच्या, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीच्या, हाती लागेनासा होतो, आणि प्रतिपिंडांची चाचणी डेंग्यूशी गल्लत करते. बाळ जन्मेपर्यंत पुरावा बराचसा पुसला गेलेला असतो.

मात्रेचा हिशेब कुणीही करून पाहावा. 0.5 टक्के औषध असलेले दाणे 1000 लिटर पाण्याला 2 ग्रॅम टाकले, की पाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम औषध येते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा हीच आहे. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या बाईच्या पोटात 0.02 मिलिग्रॅम जाते. रोज आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मर्यादा शरीराच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाला 6 मिलिग्रॅम. तीनशे पटींचे अंतर आहे. शिवाय हे औषध कीटकांच्या ज्या बाल्य-संप्रेरकाची नक्कल करते, ते माणसाच्या शरीरात नसतेच.

या औषधाबाबत खरी चूक होते ती वेगळीच. त्याने अळी लगेच मरत नाही. कोषातून डास बाहेर पडणे थांबते. पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या की लोकांना वाटते औषध गेले वाया, आणि मग आणखी दोन मुठी पडतात. परिणाम पाहायचा तर पिंपातले कोष त्याच पाण्यासह जाळी लावलेल्या भांड्यात ठेवून डास बाहेर येतात का ते पाहावे लागते.

हे औषध मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचे, असेही सांगितले जाते; तिचे नाव तर विनाकारण गोवले आहे. औषध जपानच्या सुमितोमो केमिकलचे. जनुकीय बदल केलेल्या डासांमुळे हे घडले, हा आणखी एक दावा नकाशाच्या गफलतीवर उभा आहे. ते सोडले होते बाहिया राज्यातल्या जुआझेइरोजवळ; फिरणाऱ्या नकाशांत ते सियारा राज्यातले जुआझेइरो दो नोर्ते झाले, आणि ही दोन शहरे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर आहेत. सोडले जातात ते नर, आणि नर डास चावत नाही.

"झिका 1947 पासून माहीत आहे, मग आधी काही कसे झाले नाही?" हा प्रश्न मात्र दमदार आहे. विषाणू त्या वर्षी युगांडातल्या झिका जंगलात एका माकडात सापडला. पहिली मोठी साथ 2007 साली पॅसिफिक महासागरात मायक्रोनेशियातल्या याप बेटांवर आली. लोकसंख्या सात-साडेसात हजार, म्हणजे साथीच्या वेळी गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत असलेल्या बायका फार तर काही डझन. पॅसिफिकमधल्याच फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवरच्या 2013-14 च्या साथीवरून, पहिल्या तिमाहीत संसर्ग झाल्यास मायक्रोसेफलीचा धोका साधारण 1 टक्का निघाला. यापमध्ये त्या हिशेबाने एखादे बाळही सापडणे कठीण! पॉलिनेशियातही मायक्रोसेफलीची 8 बाळे जुन्या नोंदी पुन्हा चाळल्यावरच लक्षात आली.

थेट पुरावा युरोपातून आला. ब्राझीलमधल्या नाताल शहरात असताना तेराव्या आठवड्यात आजारी पडलेली एक गर्भवती युरोपात परतली. गर्भपातानंतर तपासलेल्या गर्भाच्या मेंदूचे वजन 84 ग्रॅम भरले. विषाणू मेंदूतच सापडला, इतर अवयवांत नाही, आणि मेंदूतून त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचता आला.

आकडे फुगले होते, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. ब्राझीलने बाळाला संशयित ठरवायला सुरुवातीला डोक्याच्या घेराची मर्यादा 33 सेंटिमीटर ठेवली, डिसेंबर 2015 मध्ये 32 वर आणली. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण दिवसांच्या मुलासाठी 31.9 आणि मुलीसाठी 31.5 ही मर्यादा सुचवली. आधीच्या सैल मर्यादेत कितीतरी निरोगी बाळे संशयित ठरली आणि त्यांच्या आयांनी उगाच धसका सोसला. मोजमापही नीट हवे: न ताणणारी टेप, भुवयांच्या वर, मागे डोक्याच्या सर्वात फुगीर भागावरून. प्रसूतीत डोके दबलेले असते म्हणून जन्मानंतर किमान 24 तासांनी. पण गाळणी बारीक केल्यावरही वाढ पुसली गेली नाही. कोलंबियात फेब्रुवारी ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत 2016 साली मायक्रोसेफलीच्या 476 नोंदी झाल्या, आदल्या वर्षीच्या चौपटीहून जास्त. आणि त्यांचे शिखर आले झिकाच्या शिखरानंतर सुमारे सहा महिन्यांनी, पोटातली बाळे जन्माला येऊ लागली तेव्हा.

पाण्यात औषध नकोच असे वाटणे गैर नाही, पण मग पिंपाचे काम हाताने करावे लागते. एडिस डास अंडी घालतो पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून. पिंप नुसते उपडे केले तर ती तिथेच राहतात, कोरडी असताना महिनोन्‌महिने तगतात आणि पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतली बाजू, विशेषतः पाण्याच्या रेषेवरचा पट्टा, ब्रशने खरवडून घासायचा, आणि भरल्यावर डासाला वाट मिळणार नाही असे घट्ट झाकायचे.