अर्धा कोंबडा

काल जर्मनीतल्या क्योल्नमध्ये (म्हणजे आपलं कोलोन) मी अर्धा कोंबडा मागवला आणि मला पाव-चीज मिळालं. सोबत चार बीअर आल्या, त्या मी मागवल्याच नव्हत्या. पैसे मात्र सगळ्याचे मोजून घेतले. आईला फोनवर सांगताना मी बीअरच्या जागी सरबत घातलं, तर ती म्हणाली, ‘‘चार-चार सरबतं कशाला प्यायचीस? घसा धरेल.’’

जायचं खरं तर चौघांचं ठरलं होतं. शुक्रवारी रात्रीपर्यंत एकाला असाइनमेंट आठवली, एकीला सर्दी झाली आणि तिसऱ्याने ग्रुपवर नुसता अंगठा टाकला, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण मी शिकते त्या आखेनहून क्योल्न गाडीने तासाभरावर आणि तिकीट सेमेस्टरच्या फीमध्येच आलेलं. भरलेले पैसे वाया घालवायचे नाहीत, हा घरचा संस्कार. (पुढे याच संस्काराने माझा घात केला.) गेले एकटी.

स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल अंगावरच येतं. 157 मीटर उंच आणि धुरकटून काळं पडलेलं. 1248 साली पाया घातला, 1880 साली काम संपलं. मधली काही शतकं सगळं ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती. माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण सध्या त्या क्रेनच्या अवस्थेत आहे, त्यामुळे मला एकदम आपुलकी वाटली. त्या भरात दक्षिण मनोरा चढले. 533 पायऱ्या, लिफ्ट नाही, गोल अरुंद जिना आणि समोरून उतरणारे लोक. भिंतीभर नावं आणि बदाम खरडलेले. गडावर असं दिसलं की मी ‘आपलेच लोक असे’ म्हणून हळहळायचे. ती हळहळ मी मागे घेते.

खाली आले तेव्हा पोटऱ्या लटलटत होत्या. आठवडाभर डाळ-भातावर काढलेला, म्हणून आज कोंबडी खायचीच असं ठरवून जवळच्या एका जुन्या बीअरहॉलमध्ये शिरले. एकट्या माणसाला तिथे टेबल मिळत नाही, कुणाच्या तरी समोर रिकामी असलेली जागा मिळते. मला एका आजोबांसमोर बसवलं. मेनूवर ‘हाल्वे हान’ दिसलं. हान म्हणजे कोंबडा, हे जर्मनच्या पहिल्याच वर्गात घोकलेलं. हाल्वे म्हणजे अर्धा. किंमत सात युरोच्या आत. इथेच संशय यायला हवा होता, पण स्वस्त दिसलं की माझी विचारशक्ती बंद पडते.

आणि तो आला. या हॉलमधल्या वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा एप्रन, कमरेला चामड्याचं पाकीट आणि चेहरा असा, की जणू त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मीच मोडलंय. क्योबेसने उद्धट असायचं ही इथली परंपरा आहे, असं नंतर आजोबांनी कौतुकाने सांगितलं. परंपरा! म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

‘‘एक हाल्वे हान,’’ मी म्हणाले, ‘‘आणि पाणी.’’

‘‘पाणी? बरं. साबण आणि टॉवेलही आणू?’’

आजोबा हसले. शेजारचं टेबल हसलं. मी अजून मनातल्या मनात क्रियापद शोधत होते. ते सापडलं तेव्हा मीही हसले. परदेशात आपण आपल्याच अपमानाला जरा उशिरा आणि जरा जास्तच हसतो.

पाणी आलं नाही. क्योल्श आली, म्हणजे इथली बीअर, 200 मिलीच्या नळकांड्यासारख्या ग्लासात. ही मी मागवली नाही, असं सांगितलं, तर म्हणाला, ‘‘पण आली ना?’’ आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारून गेला.

आता रेघ मारली म्हणजे पैसे जाणार, आणि पैसे जाणार म्हणजे टाकून कसं चालेल? पानात टाकायचं नाही, हे आजीने चमच्याच्या धाकाने शिकवलेलं. मी ग्लास संपवला. तो टेबलावर टेकतो न टेकतो तोच दुसरा हजर, दुसरी रेघ. बरोबर एका ताटलीत पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि मोहरी. मला वाटलं, कोंबडा येईपर्यंत तोंडात टाकायला दिलंय. म्हटलं, चला, एवढी तरी माणुसकी आहे. खाल्लं. मग कोंबड्याची वाट बघत बसले. तिसरा ग्लास आला.

सांगलीत लग्नाच्या पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन फिरणारा एक काका असतोच. ‘‘अगं घे, एवढीशी तर आहे’’ म्हणत तो आपली वजनं वाढवतो. पण त्याच्यापुढे पानावर आडवा हात धरता येतो. मी ग्लासावर आडवा हात धरला. क्योबेसने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हाताच्या शेजारी चौथा ग्लास ठेवला. आग्रह मला नवा नाही. आग्रहाचं बिल नवं.

‘‘माझा कोंबडा कधी येणार?’’ मी शेवटी विचारलं.

तो थबकला. वाकून टेबलाखाली बघितलं. रिकामी ताटली उचलून उजेडात धरली. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘खाल्लास की!’’

हाल्वे हान म्हणजे राईचा पाव आणि चीज. पिढ्यान्‌पिढ्या. आजोबांनी डोळे पुसत नावामागच्या दोन गोष्टी सांगितल्या. एकीत कुणीतरी कुणाची तरी गंमत केली होती, दुसरीत बोलीभाषेतलं ‘अर्धा द्या’ कुणाला तरी कोंबड्यासारखं ऐकू आलं होतं. खरी कुठली, तर दोन्ही. मग त्यांनी आपली चकती आपल्या ग्लासावर पालथी ठेवून दाखवली. ‘‘हे असं केलं नाहीस तर तो आणतच राहतो.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘मला वाटलं, तुला आवडतेय.’’

सतरा युरो. मी रागाने वीसची नोट पुढे केली आणि जिभेला लागलेल्या सवयीने ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणाले. नोट देताना डांके म्हणणं म्हणजे इथे ‘उरलेले ठेवा’ असं होतं. त्याने ठेवले. पहिल्यांदाच हसला.

यात हसण्यासारखं आहे, मान्य आहे. पण व्हिसासाठी ब्लॉक केलेल्या खात्यातून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातलं भाडं आणि विमा गेल्यावर तीन युरोंचाही हिशेब लागतो. परंपरा त्यांची, गंमत त्यांची, नोट माझी. त्या हॉलमध्ये नवखी मी एकटीच नसेन, पण रोज कुणीतरी तो कोंबडा मागत असणार आणि रोज तो टेबलाखाली वाकत असणार. याचाच मला जास्त राग येतो. माझ्यासाठी म्हणून त्याने नवीन काही केलंच नव्हतं.

त्या रागात मी तिथलं फुकट स्वच्छतागृह न वापरता तडक बाहेर पडले. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाच्या फाटकाला एक युरोचं नाणं हवं होतं. माझी सगळी नाणी चामड्याच्या पाकिटात. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. डब्यातल्या स्वच्छतागृहाच्या दारावर कागद चिकटवलेला, ‘नादुरुस्त’.

एरेनफेल्ड, होरेम, ड्युरेन, लांगरवेहे, एश्वायलर, श्टोलबेर्ग. झोपेतून उठवून विचारा, वाटेतली स्टेशनं क्रमाने सांगेन.