माल्बोर्कचा वेढा, रंकाळ्याच्या कठड्यावर

रविवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई रंकाळ्याच्या कठड्यावर येऊन टेकल्या, तोवर त्यांच्या पोलंडवारीवरून, तिथल्या माल्बोर्क किल्ल्यावर त्यांनी पाहिलेल्या उत्सवावरून, वादाला तोंड फुटलेले होते. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की, चिलखते घालून लुटुपुटूची लढाई खेळायची आणि ती पाहायला तिकीट लावायचे, म्हणजे किल्ल्याची जत्रा करून टाकायची. आणि पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून आपल्याकडेही ज्यांच्या डोक्यात असले बेत शिजत आहेत, त्यांच्या हातात डॉक्टरांच्या या सहलीने आयते कोलीत मिळणार आहे.

"वकीलसाहेब, त्या कड्याकड्यांच्या चिलखताला मी हात लावून आले आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते अंगात घालून तुम्ही नुसते या कठड्यावर चढून दाखवा, मग खुशाल जत्रा म्हणा."

त्यांची लेक ग्दान्स्कला नोकरीला असते. तिथून रेल्वेने तासाभराच्या आत माल्बोर्क येते, आणि नोगात नदीच्या काठावर तो अवाढव्य लाल विटांचा किल्ला दिसू लागतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा जगातला सर्वांत मोठा किल्ला मानला जातो. जुलै महिन्यात तिथे 'माल्बोर्कचा वेढा' या नावाने उत्सव भरतो: दिवसभर तटाखाली छावणी, बाजार, नेमबाजी, घोड्यांवरच्या भालाझुंजी, आणि अंधार पडल्यावर १४१० सालच्या वेढ्यावर बेतलेला मोठा प्रयोग.

अण्णांनी इथे पहिला प्रश्न विचारला तो गाड्या लावायच्या सोयीचा आणि दुसरा शौचालयांचा. अण्णांच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश निर्वासितांना भाजी विकलेली असल्यामुळे पोलंडविषयी बोलण्याचा पहिला मान आपला आहे, असे ते मानतात. आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहून गेली हे खरे असल्यामुळे त्यांना कोणी अडवतही नाही.

"शौचालयाचे विचारलेत ते बरे झाले," डॉक्टर म्हणाल्या. "त्या किल्ल्यात त्यासाठी वेगळा बुरूजच आहे. त्याला ग्दानिस्को म्हणतात. मुख्य वाड्यापासून लांब, उंच कमानींवरच्या बंदिस्त मार्गिकेने तिथे जायचे, आणि वाट चुकू नये म्हणून भिंतीवर एक छोटा सैतान कोरून ठेवला आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी घाणीची सोय आधी लावली आणि मग दरबार सजवला. हिवाळ्यात तळघरातल्या भट्टीवर दगड तापवून त्यांची ऊब जमिनीतल्या भोकांवाटे दालनांत सोडत असत. ती भोके आजही दिसतात."

मास्तरांना राहवेना. त्यांनी सांगितले की, हे सगळे बांधणारे ट्युटॉनिक सरदार म्हणजे शस्त्र हाती घेतलेले संन्यासी होते. मूर्तिपूजक प्रशियन टोळ्यांविरुद्ध त्यांना मदतीला बोलावले ते पोलंडच्याच एका सरदाराने, मासोव्हियाच्या कोनराडने; पाहुणे आले, प्रदेश जिंकून बसले, आणि १३०९ साली त्यांच्या महागुरूने आपली गादी व्हेनिसहून थेट माल्बोर्कला आणली. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंडचा राजा यागेलो याने त्यांचा धुव्वा उडवला, महागुरू स्वतः मारला गेला, आणि माल्बोर्कची वाट मोकळी झाली.

"मोकळी झाली आणि राजा सावकाश निघाला," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढ्यात हायनरिख फॉन प्लाउएन नावाचा सरदार उरलीसुरली माणसे घेऊन किल्ल्यात शिरला. वेढा घालणाऱ्यांना आडोसा मिळू नये म्हणून त्याने तटाखालचे आपलेच गाव जाळले. जुलैअखेर बसलेला वेढा सप्टेंबरात उठला. छावणीत अतिसार पसरला होता, राजाच्या बाजूने आलेली लिथुआनियाची फौज आधीच निघून गेली होती, आणि राजा हात हलवत परतला. मला सांगा वकीलसाहेब, ज्यात आपलाच राजा अपेशी ठरला, तो प्रसंग दरवर्षी हजारो लोकांसमोर मांडणाऱ्यांना तुम्ही जत्रेकरी म्हणणार का? ग्रुनवाल्डचा विजय ते त्या मैदानावर साजरा करतातच. पण दोन आठवडेही उलटत नाहीत तोच फसलेला वेढाही तितक्याच तयारीने मांडतात."

वकीलसाहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी आपला हुकमी मुद्दा काढला: तो किल्ला तरी खरा कुठे आहे? १९४५ च्या युद्धात अर्ध्याहून अधिक पडला, नंतर पुन्हा बांधला. नव्या विटांसमोर नवे चिलखत घालून नाचायचे आणि त्याला मध्ययुग म्हणायचे, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

हा मुद्दा मला स्वतःला हलका वाटत नाही, कारण आपल्याकडे डागडुजीच्या नावाखाली जुन्या चिऱ्यांवर काय काय चढवले जाते ते आपण पाहतोच. पण डॉक्टरांचे उत्तर मला पटले. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा सांधा लपवला जातो. माल्बोर्कला भिंतीकडे नीट पाहिले की जुनी वीट कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ते रंगावरून कळते. चर्चच्या बाहेरच्या भिंतीतली मेरीची आठ मीटर उंचीची मूर्ती युद्धात फुटली. ती २०१६ मध्ये पुन्हा उभी राहिली, आणि ती पुन्हा उभी केलेली आहे हे तिथे कोणी दडवत नाही.

छावणीचे त्यांचे वर्णन तर आम्ही सगळ्यांनी मान पुढे काढून ऐकले. तंबूसमोर एक बाई तागाच्या कापडाचा सदरा हाताने शिवत बसली होती. तिने शिवण उलटी करून दाखवली: यंत्राचा एकही टाका नाही, आणि जो कोणी बाजारातला तयार दोरा वापरून येतो त्याला या मंडळींत मान मिळत नाही. मनगटावर घड्याळ नाही, डोळ्यांवर गॉगल नाही. शेजारी एक जण नाणी पाडत होता. खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. डॉक्टरांचा घाव तिरका बसला आणि नाण्यावरचा गरुड एका पंखाचा झाला. ते नाणे त्यांनी कठड्यावर ठेवले तेव्हा वकीलसाहेबांनीही ते उचलून दिव्याकडे धरून पाहिले.

"मग पन्हाळ्यावर हेच करा, मी कंत्राट घेतो," अण्णा म्हणाले. "तीन दरवाजापाशी स्टेज, तटावर एलईडी, आणि सिद्दी जौहर म्हणून कोणीतरी सिनेमातला माणूस."

"अण्णा, तुमच्यासारख्यांमुळेच वकीलसाहेबांचे खरे ठरते," डॉक्टर म्हणाल्या. "आधी हाताने शिवणारी माणसे पाहिजेत, स्टेज नंतर. आणि त्याहून आधी सगळी गोष्ट सांगायची तयारी पाहिजे. जुलै १६६० मधली ती पावसाळी रात्र आपण सांगतो, शिवा काशीद सांगतो, बाजीप्रभू सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे, माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्याच वर्षी सप्टेंबरात गड सिद्दीच्या हवाली करावा लागला, हे पोरांना कोण सांगतो?"

"आणि १६७३ ला कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी एका रात्रीत परत घेतला, ते?" वकीलसाहेब उसळले.

"तेही सांगा. मधले सप्टेंबर गाळले तर साठ माणसांनी नेमके काय परत मिळवले, हे पोराला कळणार कसे?"

मास्तरांनी मान डोलावली. माल्बोर्कचेही तसेच झाले, ते म्हणाले. १४१० मध्ये यागेलोच्या तोफांना जे जमले नाही, ते १४५७ मध्ये त्याच्या मुलाने थैली मोकळी करून साधले. सरदारांनी पगार थकवला म्हणून किल्ल्यातल्या भाडोत्री सैनिकांनीच तो १ लाख ९० हजार सुवर्णनाण्यांना पोलंडच्या राजाला विकला.

"म्हणजे पगार थकवणे वाईट," वकीलसाहेब अण्णांकडे पाहत म्हणाले. अण्णांच्या मुकादमाचा जुना दावा वकीलसाहेबांनीच चालवला होता. त्यावर अण्णांनी पावनखिंडीची मोहीम काढली, ज्यात वकीलसाहेब मसाई पठारावरूनच माघारी फिरून एसटीने घरी पोचले होते. वकीलसाहेबांनी गुडघ्याचे कारण दिले. डॉक्टरांनी तो गुडघा आपण तपासला असल्याचे आणि त्यात काही नसल्याचे सांगितले.

शेवटी बोलणे तोफेच्या गोळ्यावर आले. माल्बोर्कच्या उन्हाळी भोजनगृहाचे सगळे छत एकाच ग्रॅनाइटच्या खांबावर तोललेले आहे, आणि शेकोटीच्या वरच्या भिंतीत एक दगडी गोळा रुतलेला आहे. आख्यायिका अशी की, वेढ्याच्या वेळी सरदार तिथे जमले असताना फितूर नोकराने खिडकीत टोपी टांगून बाहेरच्या तोफखान्याला खूण केली. गोळा खांबाला लागला असता तर छत सगळ्यांच्या डोक्यावर आले असते, पण तो जरासा हुकला. पन्हाळ्यावर राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा डागल्या गेल्या तेव्हा असा खांब नव्हता हे आपले नशीब, असे मास्तर म्हणाले.

"खांब नव्हता हे ठीक, पण टोपीवाला आपल्याकडे आहे," वकीलसाहेब म्हणाले. "पतसंस्थेच्या निवडणुकीत आपल्या पॅनेलची यादी अर्ज भरायच्या आदल्या रात्री पलीकडच्या गोटात कशी पोचली?"

अण्णांचा हात आपसूक डोक्याकडे गेला, आणि डॉक्टरांसकट सगळा कठडा हसत सुटला. अण्णा शपथेवर सांगत राहिले की त्या रात्री त्यांच्या डोक्यावर टोपीच नव्हती. मास्तरांनी शांतपणे विचारले, "मग कुठे टांगली होती?" त्यानंतर कोणाचे काही ऐकू येईना, आणि चहाचे पैसे अण्णांनीच दिले.