वाघ कोणी आणून सोडला नाही

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. जंगलात खायला उरलं नाही म्हणून रोही (नीलगायी) आणि रानडुकरं शेतात येतात, वनविभाग रात्री गाड्यांतून वाघ आणून सोडतो, आणि जनावरांना माणसाची भीतीच राहिली नाही. शेतकऱ्याचा संताप खरा आहे. मजकूर मात्र खोटा.

आधी गाड्यांचं बघू. २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातल्या वाघिणी पकडून गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. २०२४ मध्ये ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला गेल्या. म्हणजे चंद्रपुरातून वाघ बाहेर जातात, तेही गाजावाजा करून. गावाशेजारी दिसणारा वाघ बहुधा स्वतःच्या पायांनी आलेला असतो. दोनेक वर्षांचा झाला की त्याला आईचा मुलूख सोडावा लागतो आणि जुना नर त्याला टिकू देत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतंशिवारं तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या नोंदींनुसार त्याची भटकंती तीन हजार किलोमीटरच्या वर भरली.

खायला नाही, हे तर अजिबात पटत नाही. रोही मुळात दाट जंगलाचं जनावरच नाही, त्याला झुडपी, मोकळं रान लागतं. डुकरांच्या कित्येक पिढ्या नाल्याकाठच्या काटेरी झुडपात आणि उभ्या तुरीत जन्मल्या. जंगल त्यांनी सोडलंय कुठे, ती आपल्या शिवाराचीच रहिवासी आहेत! समोर हरभरा, भुईमूग असताना ती कंद उकरत कशाला बसतील? त्यामुळे ‘जंगलात फळझाडं लावा’ हा उपाय ऐकायला गोड, एवढंच. डुकरांमागे वाघ येतो. चंद्रपुरात तर वीज केंद्राच्या आवारात आणि कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपातही वाघ राहिलेत.

राहिली भीती. २०१८ मध्ये ‘सायन्स’ मासिकात ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात ६२ प्रजातींचे सस्तन प्राणी होते, आणि माणसाचा वावर असेल तिथे त्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट वाढलेली आढळली. ती भीती टिकून असल्याचीच खूण. दिवस आपल्याला सोडून त्यांनी रात्र घेतली. पण बऱ्याच ठिकाणी कृषिपंपाला थ्री फेज वीज पाळीने रात्रीची मिळते, म्हणून ओलितासाठी शेतकरी नेमका त्याच वेळी बांधावर असतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचणाऱ्या बायाही झुंजुमुंजूला, वाकलेल्या, झुडपाआड. रात्रीच्या या विजेबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.