वस्तू सांगत नाही, ती कशी बनली

मागच्या महिन्यात नाशिकमध्ये अंबडच्या आमच्या शेडमध्ये एक साचा आला. बायोचिपची, म्हणजे डीएनएसारख्या तपासण्यांच्या चिपची, प्लास्टिक पट्टी काढायची, तिच्यावर केसाएवढ्या बारीक खाचा. खाचांच्या कडा गोल येत होत्या. आमच्या मिस्त्रींनी साचाच जास्त तापवला, भरल्यावर सावकाश थंड केला, आणि कडा धारदार आल्या. आकडे त्यांनी पेन्सिलने खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले.

माल बघून गिऱ्हाईक म्हणालं, "ही पद्धत कुणाच्या पेटंटमध्ये तर येत नाही ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचत बसलो.

अमेरिकेत डीएनए-चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या, अ‍ॅफिमेट्रिक्स आणि इल्युमिना. अ‍ॅफिमेट्रिक्स काचेवर ठरावीक जागी प्रकाश पाडून डीएनएचं एकेक अक्षर जोडत जायची, २५ अक्षरांपर्यंत. इल्युमिनाने ३ मायक्रॉनचे मणी बारीक खड्ड्यांत बसवले. रस्ते पार वेगळे. तरी २००४ मध्ये अ‍ॅफिमेट्रिक्सने अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात इल्युमिनावर पेटंटचा दावा ठोकला. २००७ मध्ये ज्युरीने १.६७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि २००८ च्या जानेवारीत इल्युमिनाने ९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दाव्यातली पेटंटं चिप घडवण्यापुरती नव्हतीच. अनेक चिप एकदम हाताळणं, निकाल वाचायचं सॉफ्टवेअर, तेही त्यात होतं.

आपल्याकडच्या पेटंट कायद्याचं कलम १०४अ माझ्या मनाला जास्त लागलं. २००२ च्या दुरुस्तीने आलंय. तुमचा माल पेटंटच्या पद्धतीने निघणाऱ्या मालासारखाच आहे हे पेटंटच्या मालकाने आधी दाखवायचं. मग ती वस्तू नवी असेल, किंवा तुम्ही तीच पद्धत वापरल्याची दाट शक्यता असून मालकाला खटपट करूनही ती कळत नसेल, तर कोर्ट तुम्हालाच म्हणू शकतं: तुमची पद्धत वेगळी आहे, सिद्ध करा.

बेदाणा हातात घेऊन तो कसा वाळवला हे कळतं का? चिपचंही तसंच. शोध लावणाऱ्याला वीस वर्षं हक्क मिळावा, हे मला मनापासून पटतं. पण कोर्टाला दाखवायला मोठ्या कंपनीकडे कपाटभर नोंदी असतात. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये रोज नवी युक्ती निघते आणि संध्याकाळी पुठ्ठ्यासकट भंगारात जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

तो पुठ्ठा मी शोधून काढला. तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या, फाईलला लावला. दुसऱ्या दिवशी नवी वही आणली. मिस्त्रींनी विचारलं, "भाऊ, आधीच्या बिघडलेल्या पट्ट्यांचे आकडेपण लिहू का?"

म्हटलं, ते आधी लिहा.